मेडिक्लेम निवडायचाय? आधी कपाटातलं जुनं बिल काढा

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन-तीन महिन्यांनी एकदा हा प्रश्न येतोच, "मेडिक्लेम कुठल्या कंपनीचा चांगला?" मग अर्ध्या तासात पंधरा उत्तरं, प्रत्येकाची कंपनी वेगळी, एकजण सांगणार आमचा क्लेम लगेच पास झाला, दुसरा त्याच कंपनीला शिव्या घालणार, शेवटी कोणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकतं आणि विषय तिथेच राहतो. मागच्या वर्षी नवऱ्याची नोकरी गेली आणि त्याच्यासोबत ऑफिसचा ग्रुप मेडिक्लेमही गेला तेव्हा हे सगळं माझ्या गळ्यात आलं. महिनाभर रोज रात्री ओटा आवरला की लॅपटॉप उघडून बसायचे. मी एजंट नाही, विम्यात कामाला नाही, भांडुपला राहणारी साधी नोकरदार बाई आहे, पण तेव्हा जे केलं ते तीन-चार मैत्रिणींनाही उपयोगी पडलं म्हणून लिहितेय.

पहिल्या दिवशी मी तेच केलं जे सगळे करतात. तुलना करणाऱ्या एका साइटवर वयं टाकली, पिनकोड टाकला, चाळीसेक प्लॅन आले, "कमी प्रीमियम आधी" असं सॉर्ट केलं. आणि पुढचे दोन दिवस दर वीस मिनिटांनी फोन. (म्हणून मोबाइल नंबर टाकायच्या आधी विचार करा, कंपनीच्या स्वतःच्या साइटवर जाऊनही प्रीमियम दिसतो, तिथे फोन जरा कमी येतात.) पण खरी चूक ती नव्हती. खरी चूक म्हणजे मी प्रीमियमची तुलना करत होते, आणि प्रीमियम म्हणजे फक्त दुकानात शिरायची फी आहे, आजारपणात आपल्या खिशातून किती जाणार हे त्यावरून काहीच कळत नाही.

माझी मावसबहीण न्यू जर्सीला असते. तिकडे राज्याची स्वतःची सरकारी विमा बाजारपेठ आहे, एकाच साइटवर सगळ्या कंपन्यांचे प्लॅन, आणि त्यांना ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम असे दर्जे लावलेले. ब्राँझ म्हणजे सरासरी खर्चाच्या साधारण ६० टक्के कंपनी देणार, सिल्व्हर ७०, गोल्ड ८०, प्लॅटिनम ९०. शिवाय वर्षात तुमच्या खिशातून जास्तीत जास्त किती जाऊ शकतं तो आकडाही प्रत्येक प्लॅनवर छापलेला. उत्पन्न कमी असेल तर सरकार हप्त्यात मदत करतं, आणि २०१४ पासून अमेरिकेत जुना आजार आहे म्हणून पॉलिसी नाकारता येत नाही की जास्त पैसे लावता येत नाहीत. ती म्हणाली, "अगं मी प्रीमियम बघतच नाही आधी, माझ्या वर्षभराच्या औषधांचा आणि टेस्टचा हिशोब घालून मग टोटल बघते." मला तिथे ट्यूब पेटली. आपल्याकडे असे सोने-चांदीचे शिक्के कोणी मारून देत नाही, ते आपणच मारायचे.

तर मी काय केलं, कपाटात साड्यांच्या खाली ठेवलेली फाइल काढली. २०२२ मध्ये माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं, खडे झाले होते, तीन दिवस ॲडमिट. हॉस्पिटलचं बिल चौदा पानांचं, कोपऱ्यात स्टेपल केलेलं, त्यात ग्लोव्हजची जोडी न् जोडी मोजलेली. आकडे गोल करून सांगते. रूम दिवसाला ९,००० म्हणजे २७,०००. ऑपरेशन थिएटर ४२,०००. सर्जन, भूल देणारे डॉक्टर आणि व्हिजिट मिळून ८५,०००. नर्सिंग ९,०००. औषधं २४,०००, टेस्ट १८,०००. आणि ग्लोव्हज, मास्क, ॲडमिशन चार्ज, सोबतच्या माणसाचं जेवण वगैरे ११,०००. एकूण २,१६,०००. कव्हर, म्हणजे वर्षभरात कंपनी जास्तीत जास्त देईल ती रक्कम, होतं ५ लाखांचं. मी निर्धास्त. डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवरच्या मुलीने कागद पुढे सरकवला, "मॅडम, ८३,४४४ भरायचेत."

हे कसं झालं ते नीट समजून घ्या, कारण मुंबईत निम्मी फसगत इथेच होते. पॉलिसीत रूम रेंटची मर्यादा होती, कव्हरच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,०००. मी ९,००० च्या रूममध्ये राहिले. मला वाटलं वरचे ४,००० रोजचे आपण देऊ, तीन दिवसांचे १२,०००, ठीक आहे. पण तसं नसतं. रूम मर्यादेबाहेरची घेतली की रूमशी जोडलेले बाकीचे खर्च, म्हणजे थिएटर, डॉक्टरांची फी, नर्सिंग, हे पण त्याच प्रमाणात कापतात. कारण हॉस्पिटलं रूमच्या क्लासप्रमाणे सर्जनची फीसुद्धा वाढवतात. नऊपैकी पाच हिस्से कंपनी देणार, चार आपण. माझे ते खर्च १,३६,००० होते, त्यातले ६०,४४४ गेले. औषधं, टेस्ट, इम्प्लांट आणि आयसीयूच्या चार्जला ही कात्री लागत नाही, नियमच तसा आहे, नाहीतर आकडा अजून मोठा झाला असता. वर ते ११,००० चे ग्लोव्हज-मास्क, ते पण आपलेच. झाले ८३,४४४.

आणि रूम आम्ही हौसेने घेतलीच नव्हती, ट्विन शेअरिंगमध्ये जागा नाही म्हणून जी मिळाली ती घेतली.

आता हेच बिल घ्यायचं आणि समोरच्या प्रत्येक प्लॅनमधून चालवायचं. तुमच्याकडे स्वतःचं बिल नसेल तर शेजाऱ्यांकडे मागा, भावाकडे मागा, बायपासचं, गुडघ्याचं, डेंग्यूचं, कुठलंही चालेल, फक्त आपण खरंच जाणार त्या टाइपच्या हॉस्पिटलचं पाहिजे. माझ्याकडे शेवटी तीन प्लॅन उरले होते. स्वस्तातला, वर्षाला साधारण १७,०००, कव्हर ५ लाख, रूम रेंट पुन्हा तोच १ टक्का. त्यात माझं बिल टाकलं की तेच ८३ हजार खिशातून. मधला १९,००० चा, कव्हर १० लाख, रूमला मर्यादा नाही, दिसायला एकदम झकास, पण आत २० टक्के को-पे, म्हणजे प्रत्येक क्लेममधला तेवढा हिस्सा आपण भरायचा. ११,००० वगळून उरलेल्या २,०५,००० चे २० टक्के ४१,०००, अधिक ते ११,०००, म्हणजे ५२ हजार खिशातून. महाग होता तो २६,००० चा, १० लाख, सिंगल प्रायव्हेट एसी रूम, को-पे नाही. त्यात खिशातून फक्त ११,०००. स्वस्त आणि महागमध्ये वर्षाला ९ हजारांचा फरक, आणि एका ऑपरेशनमध्ये ७२ हजारांचा. म्हणजे आठ वर्षं घरात कोणी ॲडमिटच झालं नाही तर स्वस्तवाला बरोबर. आमच्या घराचा रेकॉर्ड बघता मी तो जुगार खेळले नाही, तुमचं तुम्ही ठरवा.

मधल्या प्लॅनमधला को-पे कुठून आला माहितीये? पत्त्यावरून. बऱ्याच कंपन्या शहरांचे झोन पाडतात आणि मुंबई सगळ्यात महागड्या झोनमध्ये. एजंटने परस्पर सासऱ्यांच्या गावचा, साताऱ्याकडचा पिनकोड टाकून कोट काढला होता, "ताई, प्रीमियम कमी येतो, सगळे असंच करतात." हो, येतो कमी, पण स्वस्त झोनची पॉलिसी घेऊन मुंबईत उपचार घेतले की प्रत्येक क्लेममध्ये ठरावीक टक्के आपण भरायचे. राहायचं भांडुपला आणि पॉलिसी साताऱ्याची, कशाला? जिथे राहता तिथला पत्ता टाका. आणि पालघर, कर्जत, वसईकडे राहणाऱ्यांनी उलट तपासा, तुमचा पिनकोड कुठल्या झोनमध्ये येतो आणि मुंबईत ॲडमिट झालात तर काय, कारण मोठं काही झालं की तुम्ही मुंबईतच येणार.

हे सगळं कुठे वाचायचं? ब्रोशरमध्ये नाही, त्यात हसरं कुटुंब असतं. दोन कागद मागा, पॉलिसी वर्डिंग, म्हणजे पॉलिसीचा पूर्ण मजकूर, आणि कस्टमर इन्फॉर्मेशन शीट. ही शीट देणं कंपन्यांना बंधनकारक आहे, त्यात मर्यादा, वेटिंग (पॉलिसी घेतल्यावर किती काळ क्लेम मिळत नाही), को-पे, काय कव्हर नाही, सगळं थोडक्यात असतं आणि स्थानिक भाषेतही मागता येते. वर्डिंगची पीडीएफ उघडून मी सर्च मारायचे, "रूम", "को-पे", "प्रपोर्शनेट", "सबलिमिट", "वेटिंग". सबलिमिट म्हणजे आजारानुसार टोपी, उदाहरणार्थ सगळ्या कंपन्यांकडे एकसारखी मिळते ती आरोग्य संजीवनी पॉलिसी घ्या, त्यात मोतीबिंदूला एका डोळ्याला कव्हरच्या २५ टक्के किंवा ४०,००० यातलं जे कमी ते, रूमला कव्हरच्या २ टक्के पण दिवसाला ५,००० च्या वर नाही, आणि सगळ्या क्लेमवर ५ टक्के को-पे. वाईट पॉलिसी नाही ती, छोट्या गावात चांगली चालते, पण मुंबईतल्या प्रायव्हेट हॉस्पिटलमध्ये ५,००० ची रूम शोधून दाखवा.

ग्लोव्हज-मास्कवाल्या वस्तूंसाठी कन्झ्युमेबल्सचा रायडर, म्हणजे पॉलिसीला जोडायचं जादा कव्हर, मिळतो, थोडे पैसे जास्त, माझ्या मते घ्यावा. बाकी रायडरच्या यादीत वाहवत जाऊ नका, ॲम्ब्युलन्सपासून योगा क्लासपर्यंत सगळं विकतात.

वेटिंग पीरियडबद्दल थोडं. पॉलिसी घेतल्यावर पहिले ३० दिवस अपघात सोडून काहीच नाही. मग हर्निया, मोतीबिंदू, मुतखडा, गुडघे बदलणं अशा ठरलेल्या आजारांना बहुतेक ठिकाणी दोन वर्षं. आणि आधीपासून असलेले आजार, बीपी, शुगर, थायरॉइड, यांना जास्तीत जास्त ३ वर्षं, आधी ही कमाल मर्यादा ४ वर्षं होती, एप्रिल २०२४ पासून आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, कमी केली. काही प्लॅन एक वर्षातच कव्हर देतात, जास्त प्रीमियम घेऊन. घरात कोणाला शुगर असेल तर प्लॅन निवडताना बाकी सगळ्याच्या आधी हा आकडा बघा.

आणि आजार लपवू नका. नवऱ्याला बीपीची गोळी आहे, अर्ध्या गोळीवर. एजंट म्हणाला लिहू नका, एवढ्याशा गोष्टीने प्रीमियम वाढतो. मी लिहिलं. वाढला थोडा. पण उद्या हार्टचं काही निघालं आणि फॅमिली डॉक्टरांच्या कागदावर "बीपी २०१९ पासून" असं सापडलं तर कंपनी क्लेम तर नाकारेलच, पॉलिसीपण रद्द करू शकते. सलग ५ वर्षं पॉलिसी चालली की मग फसवणूक सिद्ध केल्याशिवाय लपवलं म्हणून क्लेम नाकारता येत नाही, तोपर्यंत मात्र मानेवर टांगती तलवार कशाला.

सासरे ७२ चे. त्यांना आमच्याच फ्लोटरमध्ये, म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच कव्हर असलेल्या पॉलिसीत, टाकायचा विचार होता, एकच पॉलिसी, एकच तारीख, सोपं. मग कळलं की फ्लोटरचा प्रीमियम घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो, म्हणजे त्यांच्या वयाने आम्हा चौघांचा प्रीमियम चढणार आणि वर त्यांनी वर्षात कव्हर वापरलं की मुलीसाठी काही उरणार नाही. म्हणून ज्येष्ठांची पॉलिसी वेगळीच. वयाची ६५ ची अट आता नाही, पण प्रीमियम जबरी असतो आणि को-पे बहुतेक येतोच. एक बरं आहे, जानेवारी २०२५ पासून ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला आधी आयआरडीएआयशी सल्लामसलत करावी लागते. आणि ७० पूर्ण केलेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, ५ लाखांचं, पॅनेलवरच्या हॉस्पिटलमध्ये चालतं, खासगी मेडिक्लेम असला तरी निघतं. आधार घेऊन गेलो, कार्ड झालं. जवळचं कुठलं हॉस्पिटल पॅनेलवर आहे ते आधी बघून ठेवा म्हणजे झालं. ज्यांना प्रीमियम अजिबात झेपत नाही त्यांनी महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं पण बघा, आणि केईएम, सायन, नायर आहेतच, लाइन मोठी असते पण डॉक्टर हुशार.

कव्हर किती? मुंबईत कुटुंबाला ५ लाख मला कमी वाटतात. पण बेस पॉलिसी २५ लाखांची घेण्यापेक्षा बेस १० आणि वर सुपर टॉप-अप असं करा, स्वस्त पडतं. फक्त शब्द नीट वाचा, टॉप-अप आणि सुपर टॉप-अप वेगळे. समजा ५ लाखांच्या वरचं देणारी पॉलिसी आहे आणि वर्षात दोनदा ४-४ लाखांचं बिल झालं. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं बघतो, दोन्ही ५ च्या आत, म्हणून शून्य. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज बघतो, ८ लाख, म्हणून ३ लाख देतो. नावात एक "सुपर" तेवढा जास्त, पण फरक तीन लाखांचा.

रिस्टोरेशन म्हणून एक गाजर असतं, कव्हर संपलं की पुन्हा भरतं. विचारा, पूर्ण संपल्यावरच भरतं की थोडं वापरलं तरी? त्याच माणसाला त्याच आजारासाठी मिळतं का? केमो, डायलिसिस असे उपचार वारंवार लागतात, तिथे "त्याच आजाराला नाही" असं असेल तर ते गाजरच.

मग हॉस्पिटलं. नेटवर्कमध्ये, म्हणजे कंपनीशी करार असलेली, दहा हजार हॉस्पिटलं आहेत हे ऐकून मला काय करायचंय, मला रात्री दोन वाजता रिक्षाने जाता येतील अशी चार सांगा. मी मुलुंड, भांडुप, विक्रोळी आणि एक दादरचं अशी लिस्ट केली आणि साइटवर न बघता सरळ त्यांच्या मेडिक्लेम डेस्कला फोन लावले. "या कंपनीचं कॅशलेस सध्या चालू आहे का?" (कॅशलेस म्हणजे बिल कंपनी परस्पर हॉस्पिटलला देते.) चारपैकी एकाने सांगितलं की मागच्या महिन्यात बंद झालं, साइटवर मात्र नाव तसंच. नेटवर्कबाहेरही कॅशलेस देण्याची सोय २०२४ पासून कंपन्यांनी आणलीये, पण ठरलेलं ऑपरेशन असेल तर ४८ तास आधी कळवावं लागतं, आणि हॉस्पिटलने पण हो म्हटलं पाहिजे, त्यामुळे त्यावर भरवसा ठेवून प्लॅन घेऊ नका. फोनवर हेही विचारा की सिंगल एसी रूमचा आजचा रेट काय, तोच आकडा बिलाच्या हिशोबात टाका. माझं २०२२ चं ९,००० आता राहिलेलं नाही.

क्लेम सेटलमेंट रेशोच्या जाहिराती बघून हुरळू नका, त्यात किती क्लेम दिले ते असतं, किती पैसे कापून दिले ते नसतं. माझा ८३ हजार कापलेला क्लेमही त्यांच्या हिशोबात "सेटल"च. आयआरडीएआयच्या वार्षिक अहवालात कंपनीवार आकडे असतात, तिथे रक्कम बघा.

टॅक्सचं एका ओळीत, मेडिक्लेमच्या प्रीमियमवरची टॅक्स सूट (स्वतःच्या कुटुंबाला २५,००० पर्यंत, ज्येष्ठ आईवडिलांसाठी ५०,०००) फक्त जुन्या टॅक्स पद्धतीत मिळते, नवी घेतली असेल तर प्रीमियम ठरवताना ती धरू नका. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर पॉलिसीवर जीएसटी शून्य आहे, आधी १८ टक्के होता, त्यामुळे कोणी जुना कोट पाठवला तर आजचा काढायला सांगा.

आधीचीच पॉलिसी आवडत नसेल तर मोडू नका, पोर्ट करा, म्हणजे ती दुसऱ्या कंपनीकडे न्या, वेटिंगची झालेली वर्षं सोबत येतात. त्यासाठी रिन्यूअलच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करा, शेवटच्या आठवड्यात धावपळ करून होत नाही. आणि नवीन कंपनीने हो म्हणेपर्यंत जुनी चालू ठेवा.

शेवटी आम्ही २६ हजारवाला घेतला, कन्झ्युमेबल्स जोडून. पॉलिसी मेलवर आली तेव्हा मी पहिली गोष्ट तपासली ती म्हणजे नवऱ्याच्या नावापुढे बीपी छापलंय का. नव्हतं. फॉर्ममध्ये मी लिहिलं होतं, कॉलवर सांगितलं होतं, तरी नव्हतं. पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत आवडली नाही तर परत करता येते, त्या मुदतीतच मेल टाकला, चार दिवसांत दुरुस्त कॉपी आली. मेल सांभाळून ठेवलाय. तुमच्याही बाबतीत काही अडलं तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, वकील लागत नाही, फी नाही, मुंबईचं ऑफिस सांताक्रूझ पश्चिमेला एसव्ही रोडवर आहे.

आता कार्डाची एक कॉपी फ्रिजवर गॅसच्या नंबरशेजारी चिकटवलीये, त्या चार हॉस्पिटलांचे फोन खाली पेनाने, आणि सासऱ्यांना दोनदा वाचून दाखवलंय की रूम देताना विचारलं तर काय म्हणायचं, "सिंगल एसी. डिलक्स नको."